समुद्राचे शब्द वर्गात आणूया: सुकाणू, नांगर, उधाण आणि बरंच काही



आज थोडा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या मुलांना 'सुकाणू हाती घेणे' हा वाक्प्रचार येतो. अर्थ विचारला की 'नेतृत्व स्वीकारणे' असं ती झटकन सांगतात, वाक्यात उपयोगही करतात आणि गुण मिळवतात. पण सुकाणू होडीच्या पुढे असतो की मागे? पाण्याच्या वर असतो की खाली? तो फिरवला तर होडी वळते कशी? असं विचारून बघा. बहुतेक वर्गांत शांतता पसरेल. वाक्प्रचार पाठ झालेला असतो, वस्तू मात्र कधी पाहिलेलीच नसते.

माझं मत सरळ आहे. होडी, समुद्र आणि वारा यांचे शब्द समानार्थी शब्दांच्या यादीतून किंवा नुसत्या वाक्प्रचारांतून शिकवू नयेत. तो शब्द काय काम करतो, ते दाखवून शिकवावेत. असं केलं तर भाषा पक्की होते, विज्ञान-भूगोल-गणित सहज जोडलं जातं, आणि समुद्रावर सहलीला जाणाऱ्या मुलाला धोका ओळखायला मदत होते. यातलं शेवटचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

वस्तू कळली की वाक्प्रचार कळतो

सुकाणूपासूनच सुरुवात करू. सुकाणू म्हणजे होडीच्या मागच्या टोकाला, पाण्यात बुडालेली उभी फळी. होडी पुढे जात असताना पाणी या फळीवरून वाहतं. फळी तिरकी केली की पाण्याचा दाब एका बाजूला पडतो, होडीचा मागचा भाग सरकतो आणि नाळ म्हणजे पुढचं टोक दुसऱ्या दिशेला वळतं. लहान होडीत सुकाणूला थेट दांडा जोडलेला असतो. तो दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. मुलांना याची फार गंमत वाटते.

यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. होडी पाण्यावर नुसती स्थिर उभी असेल तर सुकाणू कितीही फिरवा, ती वळत नाही. आधी वल्हं, शीड किंवा इंजिन यांनी होडीला गती द्यावी लागते. आता परत 'सुकाणू हाती घेणे' या वाक्प्रचाराकडे बघा. नेत्याच्या हाती सुकाणू असला तरी वल्ही मारणारे हात थांबले तर त्याचा काही उपयोग नाही. हा अर्थ मार्गदर्शकात सापडणार नाही, पण सुकाणू समजलेलं सहावीतलं मूल तो स्वतःहून सांगू शकतं.

नांगराचंही तसंच. मराठीत शेतातल्या अवजाराला नांगर म्हणतात आणि जहाज एका जागी रोखून धरणाऱ्या लोखंडी अवजारालाही नांगरच म्हणतात. मुलांना वाटतं, नांगर जड असतो म्हणून जहाज थांबतं. वजनाचा थोडा हातभार असतो, पण खरं काम त्याचे फाळ करतात. ते तळाच्या वाळूत किंवा चिखलात रुततात. त्यासाठी दोराची ओढ जमिनीलगत, जवळजवळ आडवी असावी लागते. म्हणून लहान बोटींवर पाण्याच्या खोलीच्या साधारण पाच ते सात पट दोर सोडतात. दोर कमी सोडला तर ओढ वरच्या दिशेला लागते आणि नांगर उपटून येतो. 1933 मध्ये जेफ्री इंग्राम टेलर या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने बोटींसाठी नव्या आकाराचा नांगर तयार केला. तो हुबेहूब शेतातल्या नांगराच्या फाळासारखा दिसतो. आपल्या भाषेत दोन्ही अवजारं एकाच नावाने आधीपासून नांदत होती, हे मुलांना जरूर सांगा. शेतकऱ्याच्या मुलाला समुद्रातला नांगर आणि कोळ्याच्या मुलाला शेतातला नांगर समजावून द्यायला एवढा एक शब्द पुरतो.

आता 'अथांग' घ्या. अथांग सागर हे शब्द निबंधात हमखास येतात. थांग म्हणजे पाण्याच्या तळाचा ठाव. ज्याचा थांग लागत नाही ते अथांग. पूर्वी थांग घेण्यासाठी दोराला वजन बांधून ते पाण्यात सोडत आणि किती दोर गेला ते मोजत. मोजायचं माप होतं वाव. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव. इंग्रज खलाशांचं 'फॅदम' हे मापही असंच पसरलेल्या हातांवरून आलं आणि पुढे ते सहा फूट, म्हणजे सुमारे 1.83 मीटर, असं ठरलं. वर्गात एक सुतळी घ्या आणि प्रत्येक मुलाची वाव मोजा. प्रत्येकाची वेगळी येईल. मग विचारा, "सगळ्यांची वाव वेगळी असेल तर विहिरीची खोली कुणाच्या वावेने सांगायची?" प्रमाणित मापं का लागतात, हा धडा तिथेच सुरू होतो.

डावं-उजवं पुरत नाही, म्हणून वेगळे शब्द

पालक बऱ्याचदा विचारतात, जहाजावर एवढे वेगळे शब्द कशाला? डावी बाजू, उजवी बाजू म्हटलं तर काय बिघडतं? याचं उत्तर मैदानावर पाच मिनिटांत मिळतं. खडूने मोठी होडी काढा आणि पुढच्या टोकाला 'नाळ' असं लिहा. अर्ध्या मुलांना नाळेकडे तोंड करून बसवा, अर्ध्यांना पाठ करून. मग ओरडा, "उजव्या बाजूला खडक आहे, पलीकडे सरका!" मुलं एकमेकांवर आदळतील. बसणाऱ्याचं तोंड फिरलं की त्याचं डावं-उजवं बदलतं. होडीची बाजू मात्र बदलत नाही. म्हणून होडीच्या बाजूला तिचं स्वतःचं नाव लागतं.

इंग्रजीत नाळेकडे तोंड केल्यावर जी उजवी बाजू येते तिला स्टारबोर्ड म्हणतात. याचा ताऱ्यांशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'होडी वळवण्याची बाजू'. कारण तेव्हा मागच्या टोकाला सुकाणू नव्हता. उजव्या अंगाला एक मोठं वल्हं बांधून त्याने दिशा द्यायचे. ते वल्हं धक्क्याला लागून मोडू नये म्हणून होडी डाव्या अंगाने धक्क्याला लावत. डाव्या बाजूचं जुनं नाव होतं लारबोर्ड. आता तुम्हीच मोठ्याने म्हणून बघा: स्टारबोर्ड, लारबोर्ड. वादळात, लाटांच्या आवाजात यातला फरक कसा कळणार? अखेर 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड बंद करून 'पोर्ट' हा शब्द सक्तीचा केला. आज जगभर जहाजाच्या पोर्ट बाजूला लाल आणि स्टारबोर्ड बाजूला हिरवा दिवा असतो. त्यामुळे रात्री समोरून येणारं जहाज कुठे तोंड करून आहे ते कळतं.

यात शिक्षकांसाठी मोठा मुद्दा आहे. परिभाषा म्हणजे अवघड शब्दांची हौस नव्हे. चुकीचं ऐकू आलं तर जीव जाईल, अशा ठिकाणी माणसांनी घासून-पुसून नेमके केलेले ते शब्द आहेत. हे एकदा पटलं की विज्ञानातल्या परिभाषेकडेही मुलं वेगळ्या नजरेने बघतात.

वेगासाठी वापरतात तो 'नॉट' हा शब्दही असाच कामातून आलेला. नॉट म्हणजे गाठ. दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारायच्या, टोकाला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात टाकायचा आणि वाळूचं घड्याळ उलटं करायचं. वाळू संपेपर्यंत हातातून जितक्या गाठी सुटल्या तितका जहाजाचा वेग. पुढे दोन गाठींमधलं अंतर सुमारे 14.4 मीटर आणि घड्याळ 28 सेकंदांचं, असं प्रमाण रूढ झालं. सातवी-आठवीच्या मुलांना गणित घालून बघा: 28 सेकंदांत 14.4 मीटर, तर तासाला किती? उत्तर येतं सुमारे 1851 मीटर. आज सागरी मैल 1852 मीटरचा मानतात आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. जुन्या खलाशांची सुतळी आणि वाळू आजच्या मापाच्या किती जवळ होती, हे मुलांना स्वतः गणित करून कळू द्या.

भरती, ओहोटी, उधाण, भांग: हे शब्द जीव वाचवू शकतात

आता तो महत्त्वाचा मुद्दा. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. त्या बातमीने सगळा महाराष्ट्र हळहळला. अशा घटनांनंतर नियम होतात, सूचना येतात, सहलीच्या परवानग्या कडक होतात. ते हवंच. पण मुलाला पाण्याची भाषाच कळत नसेल तर किनाऱ्यावरची पाटी त्याच्यापर्यंत पोचत नाही. 'आज उधाण आहे' असं गावातलं कुणी म्हणालं, तर शहरातल्या मुलाला त्यातून नेमकं काय समजतं? त्याला फक्त 'आनंदाला उधाण येणे' माहीत असतं.

म्हणून भूगोलाच्या तासाला हे चार शब्द नीट समजावून द्या. भरती म्हणजे पाणी चढणं आणि ओहोटी म्हणजे उतरणं. साधारण 12 तास 25 मिनिटांनी पुन्हा भरती येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा भरती जास्त चढते, ओहोटीही जास्त खाली जाते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोन्ही ओढी काटकोनात असतात, चढ-उतार कमी होतो. ही भांगाची भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवशी तेवढ्याच सहा तासांत जास्त पाणी आत-बाहेर करतं, म्हणजे ते जास्त जोराने वाहतं. सकाळी ज्या खडकावर चालत गेलो, तो दुपारी पाण्याने वेढलेला असू शकतो. मुंबईत पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला भरती साडेचार मीटरच्याही वर जाते, आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असेल तर सखल भागांत पाणी तुंबतं. मुंबईच्या मुलांना उधाण शिकवायला समुद्रावर जायचीही गरज नाही.

कोकणात भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. यामागे शास्त्र आहे: भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते आणि तोंडी हिशेबासाठी आपल्या पूर्वजांनी त्याचा पाऊण तास धरला. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. पाऊणकीचा इतका सुंदर उपयोग दुसरा कुठे सापडेल? अपूर्णांकाच्या धड्याला दिनदर्शिका घेऊन बसा आणि मुलांना महिन्याभराच्या भरतीच्या वेळा काढू द्या.

मात्र एक सूचना स्पष्ट द्या. ही रीत अंदाजाची आहे. जागा बदलली, खाडी आत गेली की वेळ पुढे-मागे होते. वर्गातल्या गणितासाठी ती उत्तम, पण पाण्यात उतरण्यासाठी पुरेशी नाही. सहल नेताना भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक बघा, गावातल्या माणसांना विचारा आणि ते नको म्हणाले तर उतरू नका.

होडीत बसतानाही काही शब्द आधी सांगून ठेवा. होडी कलते, मग कलंडते, मग उलटते. हे तीन वेगवेगळे टप्पे आहेत. फोटो काढायला सगळे एका बाजूला धावले की होडी कलते. उभं राहिलं की भार वर जातो आणि ती लवकर कलंडते. 'शांत बसा' हे वाक्य मुलं रोज ऐकतात आणि रोज सोडून देतात. 'होडी कलेल, बसा' या वाक्यात कारण आहे, म्हणून ते जास्त काम करतं.

वारा शिकवताना कोळीवाड्याला विचारा

भूगोलाच्या पुस्तकात मतलई वारे आणि खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो, तो खारा. मुलं व्याख्या पाठ करतात आणि हमखास उलटसुलट लिहितात. पण शिडाच्या होडीचा दिवस डोळ्यांसमोर उभा केला तर चूक होणं कठीण. पहाटे मतलई वाऱ्यावर शीड उभारून बाहेर जायचं आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी परतायचं. जाताना मतलई, येताना खारा. वाऱ्याच्या अगदी तोंडावर मात्र शिडाची होडी सरळ जाऊ शकत नाही. तिला वारा एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर घेत नागमोडी जावं लागतं.

इथे आपल्या वर्गातल्या एका मुलाकडे लक्ष द्या. पालघर, वसई, अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, या पट्ट्यातल्या कितीतरी वर्गांत मच्छीमार घरातली मुलं आहेत. तांडेल म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, नाखवा म्हणजे मालक, खलाशी म्हणजे होडीवर काम करणारे, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. घरात ते रोज कानावर पडतं. मचवा, पडाव, रापण, डोल जाळं हे त्यांचे घरचे शब्द. हीच मुलं वर्गात बोलताना अडखळतात, कारण त्यांच्या बोलण्याला आपण 'अशुद्ध' म्हणतो. या विषयाच्या तासाला तेच मूल वर्गातलं सर्वांत जाणकार असतं. त्याला फळ्यापाशी बोलवा आणि होडी काढायला सांगा. चित्राशेजारी दोन रकाने करा: एक 'पुस्तकातला शब्द' आणि दुसरा 'आमच्या बंदरातला शब्द'. दुसरा रकाना त्याच्या घरून भरून येऊ द्या. पुस्तकापेक्षा तो लांब झाला तर आश्चर्य वाटायला नको.

हे शब्द टिपून ठेवण्याची घाईही आहे. शिडं गेली, यांत्रिक बोटी आल्या, आणि शिडाच्या दोरादोराला नाव असलेली पिढी आता आजोबा-पणजोबांची आहे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर असतात आणि शाळाही नुकतीच उघडलेली असते. आजोबांना वर्गात बोलवायला याहून चांगला मुहूर्त नाही.

'पण हे तर परके शब्द!'

काही जण म्हणतील, यातले निम्मे शब्द फारसी, अरबी, पोर्तुगीज. मग मराठीचा आग्रह कशाला? सरळ इंग्रजी शब्द शिकवा, पुढे नोकरीत उपयोगी पडतील. दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतील, होडीऐवजी नौका आणि खलाशाऐवजी नाविक असंच हवं.

मला दोन्ही पटत नाही. समुद्रावर शुद्ध भाषा कधी नव्हतीच. बंदर आणि नाखवा फारसीतून आले, आरमार पोर्तुगीजांकडून. इंग्रजीने तरी काय केलं? त्यांचा 'डिंगी' आपल्याकडच्या डिंगीवरून गेला, 'कॅटामरान' तमिळमधल्या बांधलेल्या लाकडांवरून, आणि 'यॉट', 'स्किपर' डचांकडून. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातल्या गुराबा आणि गलबतं इंग्रजांच्या कागदपत्रांत 'ग्रॅब' आणि 'गॅलिव्हॅट' म्हणून नोंदली गेली. थॉमस रोबक या इंग्रज अधिकाऱ्याने तर 1811 मध्ये जहाजावरच्या इंग्रजी आणि हिंदुस्थानी शब्दांचा कोशच छापला, कारण भारतीय खलाशांना हुकूम कळले नाहीत तर जहाज चालणार नव्हतं. साहेबाला खलाशाचे शब्द शिकावे लागले, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. मुलांनी स्टारबोर्डही शिकावं आणि सुकाणूही. जो शब्द नेमकं काम करतो तो आपला.

राहिला प्रश्न विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळांचा. तिथे समुद्र नाही, पण गोदावरी, वैनगंगा आहेत, धरणं आहेत, होडी-डोंगे आहेत, नावाडी आहेत. वल्हं, काठ, डोह, भोवरा, उतार हे शब्द तिथे तितकेच जिवंत आहेत, आणि डोहातला धोकाही तितकाच खरा आहे. तिथे नदीपासून सुरुवात करा.

एवढं करून बघा

पुढच्या महिन्यात एक आठवडा ठरवा. सोमवारी मैदानावर खडूची होडी, मंगळवारी सुतळीने वाव, बुधवारी पाऊणकी आणि भरतीची वेळ, गुरुवारी मतलई-खारे वारे, शुक्रवारी एखादे तांडेल किंवा नावाडी काका वर्गात. शनिवारी मुलांना पाच वाक्प्रचार द्या: सुकाणू हाती घेणे, नांगर टाकणे, थांग न लागणे, उधाण येणे, शिडात वारा भरणे. अर्थ आधी सांगू नका, त्यांनाच लिहू द्या. वेगळा पण योग्य अर्थ लिहिला तर पूर्ण गुण द्या.

पालकहो, तुमच्यासाठी काम सोपं आहे. पुढच्या वेळी किनाऱ्यावर जाल तेव्हा पाण्यात शिरण्याआधी मुलाला विचारा, "आज तिथी कोणती? पाणी चढतंय की उतरतंय?" त्याला उत्तर येत नसेल तर शेजारी जाळं विणत बसलेल्या काकांना दोघांनी मिळून विचारा. मग ठरवा, पाण्यात जायचं की वाळूवर बसायचं.

तुमच्या गावात होडीच्या भागांना काय म्हणतात, तेही वर्गाच्या फळ्यावर आणि वहीत लिहून ठेवा. या कामाला वेगळा निधी किंवा साहित्य लागत नाही, एक खडू आणि सुतळीचा गुंडा पुरे.